नडगीवरचा खळगा

आईला दाखवायला कोपरगावात हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचो, तेव्हा ते म्हातारबाबा बाहेरच्या बाकावर हमखास असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. धोतर जरा वर घेऊन ते सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबायचे आणि पडलेला खळगा भरून येईपर्यंत बघत बसायचे.

एकदा ते तपासून घेऊन बाहेर आले, ते कसंनुसं हसत. मी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणले, काळजातल्या काही पेशी म्हाताऱ्या झाल्यात. काम करीत न्हाईत अन् मरत बी न्हाईत. वर शेजारच्या चांगल्या पेशींना नासवत्यात. त्या काढायचं औषध अजून तपासाय लागलेत. तवर ह्या गोळ्या, अन् मीठ कमी."

बाकावर बसून त्यांनी पुन्हा नडगीवर अंगठा दाबला.

"मला लगीच कळलं बघा. आमी ऊस तोडून तीच खोडं पुन्ना फुटाय राखायचो, वर्सानुवर्सं. पोरगं म्हणायचं, जुनी खोडं काढू, नवी लागण करू. मी काढू दिली न्हाई. माझ्या हातची हुती ना. खोडं फुटंनात, अन् कीड मातूर रानभर. पोरगं कंटाळून पुण्याला कंपनीत गेलं."

"मग आता बोलवा की त्यांना."

"बोलावलं. म्हणलं, रान तुझं, कर तुला काय करायचं ते."

"मग?"

"म्हणला, आबा, आता माझं बी वय झालं."

तेवढ्यात आईला आत बोलावलं. उठता उठता मी पाहिलं, खळगा अजून भरला नव्हता.