रुमालाखालचा पगार

माझा पहिला मास्तरकीचा पगार कोल्हापुरात गुळाच्या बाजारात ठरला, भर दुपारी, वीसएक माणसांच्या देखत. आणि तरी तो किती ठरला हे त्या विसांपैकी कुणालाच कळलं नाही.

मी मूळचा वऱ्हाडातला. इंग्रजी तिसरीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर आई आणि हेडमास्तर यांचं कधी एकमत झालं नाही. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी कुस्ती शिकायला म्हणून मी कोल्हापूर गाठलं. आगगाडीनं दोन दिवस लागले. शिवाजी पेठेतल्या तालमीत पहिल्या दोन महिन्यांत माझी पाठ इतक्यांदा मातीला लागली की वस्तादांनी मला मल्लखांबाकडे धाडलं. "खांब काय कुणाला उचलून पाडत न्हाय," म्हणाले.

खांबाशी मात्र माझं जमलं. तीनचार वर्षांत पेठेतल्या पोरांना मल्लखांब आणि लेझीम मीच शिकवू लागलो. त्याचे पैसे कुणी देत नसे. पोटासाठी दिवसा शाहूपुरीत एका अडत्याच्या पेढीवर गुळाच्या वजनाच्या चिठ्ठ्या लिहायच्या. मालकांनी मला माळ्यावर झोपायला जागा आणि घरचं दोन वेळचं जेवण दिलं होतं. मी रोज ताटावरून उठताना त्यांचे आभार मानत असे. शेवटी एकदा ते म्हणाले, "आरं, जेवण परवडतंय मला, पण तुझं हे आभार न्हाय परवडत. जरा कमी कर."

दर हंगामात गुळाच्या खरेदीला एक गुजराती शेठ यायचे. त्यांचे थोरले भाऊ आफ्रिकेत मोंबासाला दुकानदार, आणि तिथल्या एका शाळेच्या कमिटीवर. शाळेत गुजराती, गोवेकर, पंजाबी, दोनचार अरबांचीसुद्धा मुलं. तिथल्या सरकारी साहेबानं कमिटीला बजावलं होतं, ड्रिल मास्तर नेमा, नाहीतर ग्रँट विसरा. शेठनी एका सकाळी तालमीत माझी पोरं पाहिली आणि दुपारी पेढीवर येऊन मला विचारलं, "आफ्रिका येणार?"

मी सांगितलं, शेठजी, माझं शिक्षण इंग्रजी तिसरी.

"शिट्टी वाजवता येते ना? बस. करार तीन वरसचा. जायचा तिकीट शाळा देणार."

मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. मालकांनी माझ्या पायावर पाय दिला. "आईला इचारून सांगंल," म्हणाले.

आईला पत्र धाडलं. तिनं शेजारच्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेतलं. त्यात ख्यालीखुशालीसुद्धा नव्हती, एकच ओळ होती: जायचं तर जा, पण परत कसा येशील ते विचारून जा.

ती ओळ मला बोचत राहिली. शेठनी जाण्याचं तिकीट म्हटलं होतं, येण्याचं नव्हतं. परत यायला लागतील तेवढे पैसे मी जन्मात एकत्र पाहिले नव्हते. म्हणजे गेलो तर आईला पुन्हा पाहायचं की नाही, ते मोंबासाची कमिटी ठरवणार. पण अजून गेलो नाही तोच परतीचं मागायचं, हे मला पानावर बसण्याआधी विडा मागण्यासारखं वाटायचं. शेठना विचारायचा धीर होईना, आणि मालकांनी माझ्यासाठी एवढं केलेलं, त्यांना आणखी काय त्रास द्यायचा. मी कार्ड सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि गप्प राहिलो.

ठरवायचा दिवस आला. पेढीपुढे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, रचलेले, हमाल, शेतकरी, दलाल यांची नेहमीची गर्दी. मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "तू त्वांड उघडायचं न्हाय. तुझं त्वांड उघडलं की तू वर पदरचं पैसं देऊन जाशील."

शेठनाही तोंडी बोलणं नको होतं. मोंबासाच्या इतर मास्तरांच्या कानावर आकडा गेला तर कमिटीला रोज नवी कटकट. तेव्हा गुळाचा भाव करतात तसाच माझा करायचा ठरला. त्या काळी भाव तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा यांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली घेणाऱ्यानं देणाऱ्याची बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा. पटलं तर हात दाबायचा. नाही पटलं तर हात काढून घ्यायचा, की घेणारा एखादं बोट वाढवून पुन्हा धरणार.

मालकांनी हात पुढे केला. शेठ म्हणाले, "ना ना. आज तुमची अडत नाय. ज्याचा माल, त्याचा हात."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बैलगाडीखाली आलोय. "एक बोट म्हंजे शंभर रुपय?" त्यांनी विचारलं.

"शंभर शिलिंग."

"शिलिंग म्हंजे रुपयाचा कोण?"

"धाकटा भाऊ," शेठ म्हणाले, आणि रुमाल पडला.

शेठनी माझी दोन बोटं धरली. दोनशे. मी तर एका बोटावरही गेलो असतो. दाबणार, एवढ्यात लक्षात आलं की माझा हात घामानं थबथबलाय. मल्लखांबावर जाताना आम्ही हाताला राळ चोळायचो, सौद्याला कुठली राळ. एवढ्या मोठ्या माणसाच्या हाताला आपला घाम लागतोय याची मला इतकी शरम वाटली की मी हात मागे घेतला, धोतराला पुसला आणि परत रुमालाखाली घातला.

शेठनी माझ्याकडे पाहिलं. तीन बोटं धरली.

तीनशे ऐकून, म्हणजे जाणवून, हाताला आणखीच घाम फुटला. पुन्हा काढला, पुन्हा पुसला. आता भोवतीची माणसं सरसावून बघू लागली. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "पावणं कडक हाय की."

शेठनी सुस्कारा सोडला आणि चार बोटं धरली. हे आता थांबवलंच पाहिजे म्हणून मी घामासकट हात दाबला. शेठनी रुमाल उचलला. मालकांचा चेहरा असा फुलला होता, जणू घरचं पोरगं फायनलची परीक्षा पास झालंय.

आणि सगळं ठरलं तेव्हा मला कळलं की जे मला हवं होतं त्याचं बोटच नाही. रुमालाखाली आकडे येतात, आगबोट येत नाही. माझा हात खिशातल्या कार्डावर गेला, आणि मी तोंड उघडलं.

"शेठजी, एक बोट काढून घ्या. पण मला परतीचं तिकीट द्या."

मालकांनी डोळे मिटले. सौदा झाल्यावर विकणाऱ्यानं आपणहून भाव उतरवलेला त्या बाजारात कुणी पाहिला नव्हता. असं झालं की घेणारा खूश होत नाही, भितो. रवा वरून पिवळाधमक आहे, आत काय आहे कोण जाणे, म्हणून तो सुरी खुपसून बघतो.

शेठनी मला बघायला सुरुवात केली. "खांसी आहे?"

"नाही शेठजी."

"ताप येते? जीभ काढ."

मी जीभ काढली. चार शेतकऱ्यांनीही ती वाकून पाहिली. शेठचं समाधान होईना. त्यांनी पेढीच्या लाकडी खांबाकडे बोट केलं. "चढ."

मी धोतर खोचलं आणि चढलो. वर जाऊन उलटा झालो, पायांची मिठी घातली आणि हात सोडून दिले. त्या अवस्थेत मला शेठची पगडी खाली आणि जोडे वर दिसत होते, आणि का कोण जाणे, भीती निम्मी झाली.

"मजबूत तर आहे," शेठ म्हणाले. "मग परत कशाला यायचा?"

"आई आहे शेठजी," मी उलट्यानंच सांगितलं. "एकटी आहे. तिला भेटायचं आहे."

खालून मालकांचा आवाज आला. "मग ह्ये आधी सांगाया काय झालतं?"

"तुम्हीच म्हणालात, तोंड उघडू नको."

लोक हसले. शेठही हसले. मालक काही हसले नाहीत. मी उतरेपर्यंत त्यांनी शेठशी भांडण काढलं की ठरलेली बोटंही राहू देत आणि तिकीटही द्या. पोरगं आईच्या ओढीनं चुकून बोललं. शेठ ऐकेनात. बोट त्यानं स्वतः परत दिलंय, वीस साक्षीदार आहेत, म्हणाले. शेवटी एक बोट कमी आणि तीन वर्षांनी आगबोटीचं डेकवरचं, सगळ्यात स्वस्त, परतीचं तिकीट, असं ठरलं. शेठचा मुनीम कागद लिहायला बसला.

"पण," शेठ म्हणाले, "ह्या तर तीन वरस झाले की आईकडे जाणार. तिकीट आमचा, आणि मास्टर आईचा. मग आमी काय करायचा?"

शेठना वाईट वाटलेलं मला बघवेना. "मी परत येईन की शेठजी," मी म्हणालो. "आणखी तीन वर्षं करीन."

मालक मटकन गुळाच्या रव्यावर बसले. शेठनी मुनिमाला ताबडतोब लिहायला लावलं: पुढची तीन वर्षं, त्याच पगारात.

मालक तिथूनच मान वर करून म्हणाले, "मुनीमजी, थांबा. दुसऱ्यांदा जायचं तिकीट कुणाचं? आन सहा वर्सांनी परत यायचं? ती बी लिवा."

शेठ नको म्हणाले. मालक म्हणाले, मग ती तीन वर्षं खोडा. बराच वेळ दोघंही आपल्या म्हणण्यावर अडून राहिले. अखेर शेठनी हात झटकला आणि मुनिमानं आणखी दोन तिकिटं लिहिली. म्हणजे पहिलं धरून एकूण चार.

मी सही केली. मग वाकून शेठच्या पायांना हात लावला आणि त्यांचे आभार मानायला लागलो. त्यांच्या भावाचे मानले, कमिटीचे मानले, मुनिमाचेही मानले. शेठचे डोळे चमकले आणि ते म्हणाले, "बेटा, तू इतना अच्छा आदमी आहे, तर सहा वरसचे नंतर..."

पुढचं मला ऐकायला मिळालं नाही. मालकांनी माझ्या दंडाला धरून मला ओढत आतल्या खोलीत नेलं आणि शेठचा टांगा हलेपर्यंत बाहेरून कडी घातली.