शमूच्या आजाराचं नाव

हे मी आजवर कुणापुढे उच्चारलेलं नाही. पाळकांपुढे नाही, मैत्रिणीपुढे नाही. एकटीने प्रार्थना करतानासुद्धा हा विषय जवळ आला की मी घाईघाईने दुसऱ्याच कुणासाठी तरी मागायला लागते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल तर फारच उत्तम. तुमचा एक गैरसमज तरी दूर होईल.

गैरसमज असा, की मी सरळ बाई आहे. नेवाशात कुणालाही विचारा. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले तरी अजून लोक म्हणतात, बाई काय ते तोंडावर बोलतात. संस्थेच्या सचिवांना मी भर सभेत गप्प बसवलं आहे. शाळेसमोर दारूचं दुकान येत होतं, तेव्हा गावातले पुढारी घरात बसले होते आणि मी रस्त्यावर उभी होते. भीती म्हणून काही असते हे मला मान्यच नव्हतं. मग डॉक्टरांच्या खोलीत, सख्ख्या बहिणीच्या शेजारी बसून माझ्या तोंडून खरं का निघालं नाही?

थांबा, तिथे येतेच. आधी शमू.

शमुवेल माझा भाऊ. आई-वडील लवकर गेले. मी थोरली, मग शमू, आणि सगळ्यांत धाकटी करुणा. मी लग्न केलं नाही, ह्या दोघांना वाढवलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. घरात माझा शब्द शेवटचा असायचा. शमू ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत तरबेज होता, संध्याकाळी व्हॉलीबॉल खेळायचा, सुपारीचं खांडही तोंडात टाकायचा नाही. पस्तिशीत त्याचं पोट दुखायला लागलं. वजन उतरलं. शौचातून रक्त जायचं, ते त्याने मला सांगितलंच नाही — थोरल्या बहिणीला असलं कोण सांगतं? एका सकाळी पोट फुगून तो गडाबडा लोळायला लागला, तेव्हा नगरला नेलं, तिथून पुण्याला. ऑपरेशन झालं. मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

मी डॉक्टरांशी वाद घातला. पस्तिशीच्या पोराला हा म्हाताऱ्यांचा आजार कसा होईल? ते म्हणाले, आम्हीही आधी असंच समजत होतो, पण अलीकडे तरुण पेशंट वाढताहेत. कारण विचारलं तर म्हणाले, नेमकं एक बोट ठेवता येत नाही. खाणं बदललं, बसणं वाढलं, वजनं वाढली, पोटातल्या जंतूंचंही काही असावं. आणि काही घराण्यांत ते रक्तातूनच येतं. मग त्यांनी विचारलं, तुम्ही भावंडं किती? दोघी बहिणी आहोत म्हटल्यावर त्यांनी स्वच्छ सांगितलं — दोघींनीही दुर्बिणीची तपासणी करून घ्यायची. तुमचं वय झालेलंच आहे. आणि धाकटीचं म्हणाल तर, भावाला ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासायचं असतं. म्हणजे तिचीही वेळ झाली आहे.

मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टींत माणसं पुढे म्हणतात, आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. मला नीट सांगितलं होतं.

त्याच महिन्यात करुणाच्या लग्नाची बोलणी चालली होती. ती तेव्हा अकोल्याकडे एका शाळेत शिकवायची, सुट्टीला घरी यायची. स्थळ राहुरीचं, मुलगा शिक्षक, माणसं चांगली. आता आमच्या चर्चच्या मंडळीची रीत सांगते. रविवारी उपासनेत आजाऱ्यांची नावं घेऊन प्रार्थना होते. नुसती नावं नाहीत, कुणाला काय झालंय तेही सांगतात, म्हणजे सगळ्यांना नेमकं मागता येतं. आणि सोयरिकीही तिथेच जमतात, उपासना सुटल्यावर, अंगणात. म्हणजे सकाळी ज्या तोंडाने प्रार्थना केली, त्याच तोंडाने दुपारी ‘त्या घराण्यात आहे हो ते’ असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? राहुरीकरांची मावशी आमच्याच मंडळीतली, दुसऱ्या बाकावर बसणारी.

पाळकांनी विचारलं, शमुवेलसाठी काय म्हणून प्रार्थना करू? मी म्हणाले, अल्सर. पोटातला अल्सर.

इतक्या सहज म्हणाले! आधी ठरवलंही नव्हतं. आणि मग सगळी मंडळी दीड वर्षं चुकीच्या आजारासाठी प्रार्थना करत राहिली. मी त्यांच्यात उभी असायचे. देवाला खरं नाव ठाऊक असणारच, असं मी स्वतःला बजावायचे. करुणालाही अल्सरच सांगितलं. पुण्याला मीच न्यायचे, आणायचे. केमोच्या औषधाने शमूचे केसही फारसे गेले नाहीत, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. शमूलाही मी पटवलं. तो म्हणाला, ‘पोरीचं लग्न होऊ दे, मग सांगू.’

लग्न झालं. शमू खुर्चीत बसून होता, पण हसत होता. पुढे महिन्याभराने त्याने मला जवळ बोलावलं.

‘ताई, आता सांग तिला. तिला तपासायला घेऊन जा. मला वचन दे.’

मी वचन दिलं. तो निश्चिंत झाला. मला अजून त्याचा चेहरा दिसतो — मी शब्द दिला म्हणजे काम झालंच, असा. थोड्या दिवसांत तो गेला. दफनाच्या वेळीही अल्सरच म्हटलं गेलं.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, एवढंच ना? बहिणीच्या संसारासाठी खोटं बोललात, आपल्याकडे घरोघर चालतं. मीही स्वतःला तेच म्हणत आले. पण मग पुढचं ऐका.

शमू गेल्यावर मी घाबरले. त्याच्यासाठी नाही, करुणासाठीही नाही. माझ्यासाठी. शाळेत सांगितलं, पुण्याला प्रशिक्षण आहे. डी.एड.च्या जुन्या मैत्रिणीला सोबत बसवलं, तिला सांगितलं आम्लपित्त फार झालंय. आदल्या रात्री ते पोट साफ करायचं औषध लोटाभर लोटाभर प्यायले, दुसऱ्या दिवशी गुंगी देऊन तपासणी झाली. आतड्यात मांसाचा एक कोंब निघाला. डॉक्टरांनी तो त्याच दुर्बिणीतून तिथल्या तिथे काढून टाकला. म्हणाले, आज साधा आहे; तसाच राहिला असता तर काही वर्षांनी साधा राहिला असता असं नाही. वेळेवर आलात बाई. संध्याकाळी मी मैत्रिणीकडे पिठलं-भात खाल्ला आणि गाढ झोपले.

म्हणजे मला नुसतं माहीत होतं असं नाही — मी त्या माहितीवर जगले. आणि करुणाला सांगितलं नाही.

का? आधी वाटलं, नवी नवरी आहे, सासरचे म्हणतील फसवलं. मग तिला दिवस गेले. मग मुलगी झाली. मग वाटलं, आता सांगितलं तर ती विचारेल, ताई, इतकी वर्षं का नाही सांगितलंस? खरं कारण हेच शेवटचं. सासरच्यांची भीती केव्हाच सरली होती; जावई तर हिऱ्यासारखा माणूस. मला करुणाच्या नजरेत लहान व्हायचं नव्हतं, बस.

मुलगी चालायला लागली त्या सुमारास करुणाला थकवा यायला लागला. पोटात कळा, शौचातून रक्त. सगळ्यांनी सांगितलं, बाळंतपणाची मूळव्याध. सासूबाईंनी सुरण खाऊ घातला, ताक प्यायला दिलं, इसबगोल सुरू केलं. मी राहुरीला गेले होते तेव्हा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले — मीच. एका बाजूला जावई, एका बाजूला मी, मध्ये ती. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण त्यांनी विचारायचं ते विचारलं. घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर वगैरे?

करुणा म्हणाली, ‘न्हाई डॉक्टर. भाऊ गेला आमचा, पण तो अल्सरनं.’

आणि माझ्याकडे वळून बघितलं. शंका म्हणून नाही हो. बरोबर सांगितलं ना, ताई — वर्गातली मुलं बघतात तसं.

मी म्हणाले, ‘व्हय.’

एवढंच. गप्प बसले असते तरी एक वेळ — पण नाही, मी हो म्हणाले. डॉक्टरांनी मान हलवली. वय कमी आहे, घरात कुणाला नाही, मूळव्याधच असेल. मलम आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. त्यानंतर बरेच महिने करुणा त्या मलमावर काढत राहिली. रक्त अधूनमधून थांबायचं, तेव्हा मला फोन करून सांगायची, ताई, बरं वाटतंय. मीही म्हणायचे, बघ, मी सांगितलं नव्हतं का?

ती चक्कर येऊन पडली तेव्हा खरी तपासणी झाली. गाठ आतड्यात होती आणि यकृतापर्यंत पोचली होती.

ती तेव्हा शमूच्याच वयाची होती.

आता मी गावोगावच्या महिला मंडळांत बोलते. शौचातून रक्त गेलं तर वय बघू नका, मूळव्याध म्हणून घरी बसू नका, दुर्बिणीची लाज बाळगू नका. घरात कुणाला झालं असेल तर भावंडांना, मुलांना उघड सांगा, लग्न मोडलं तर मोडू द्या. फार चांगलं बोलते मी. बायका डोळे पुसतात. एक-दोघींची वेळेवर तपासणी होऊन जीव वाचला, त्या पेढे घेऊन आल्या होत्या. बहीण गेली तरी बाई किती खंबीर, असं म्हणतात. मी खंबीर आहेच. तो माझा गुण नाही, तशी माझी घडणच आहे. त्या भाषणात शमूचं नाव मी अजून एकदाही घेतलेलं नाही.

पण सगळ्यांत वाईट ते राहिलंच.

करुणाची औषधं सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला सांगितलं, तुमच्या बहिणीनेही तपासून घ्यायला हवं. झालं, तिने माझ्यामागे लकडा लावला. स्वतःला उलट्या होत होत्या, हाताच्या शिरा काळ्या पडल्या होत्या, आणि ही मला फोन करून विचारायची, ताई, गेलीस का? मी टाळत होते. शेवटी तिनेच नगरच्या दवाखान्यात माझी वेळ घेतली. आदल्या दिवशी नेवाशाला येऊन राहिली. ते खारट-गोड औषध माझ्यासाठी तिने पाण्यात कालवलं, वर लिंबू पिळलं, आणि मी पिताना समोर बसून राहिली. ‘लई वंगाळ लागतं, मला म्हायती हाय. नाक दाबून पी.’ मला ती चव आधीच ठाऊक होती. मी तोंड वाकडं करून दाखवलं.

दवाखान्यात नर्सने विचारलं, आधी कधी केली आहे का तपासणी? करुणानेच परस्पर सांगितलं, पहिल्यांदाच. मीही तिच्यासमोर ‘नाही, आधी कधीच नाही’ म्हणाले.

काही निघालं नाही. आतडं स्वच्छ. निघणार कुठून, जे निघायचं ते पुण्यात काढलं होतं ना? गुंगीतून डोळे उघडले तेव्हा करुणा खाटेच्या कडेला बसली होती, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, आणि रडत होती. आनंदाने. इतकी मोकळी ती स्वतःच्या आजारातही कधी रडली नव्हती.

म्हणाली, ‘ताई, तुझं चांगलं निघालं. आता मला कायबी होऊ दे. माझ्या पोरीला तू हायेस.’

सांगायची वेळ तीच होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. ती रागावली असती, कदाचित उठून गेली असती. पण तिला कळलं असतं की तिचं नशीब वाईट नव्हतं, तिची बहीण वाईट होती. तेवढं तरी तिच्या हक्काचं होतं.

तिने पिशवीतून डबा काढला. पहाटे उठून मऊ भात केला होता, वर तूप. चमचा दोन्ही हातांनी धरला. कालपासून उपाशी आहेस, म्हणाली, खा. आणि मला भरवायला लागली.

मी सगळा भात खाल्ला.