मॅडमचा पगार आणि साहेबांची कारणं

आमच्या खामगावच्या बियाणे कंपनीत बियाण्याची उगवण हंगामावर असते, किश्शांची मात्र बारमाही! पगाराचं काम माझ्याकडे, त्यामुळे मला ते पेरावेही लागत नाहीत. बहुतेक किस्से एकाच प्रश्नाचे. रेखा मॅडम प्रॉडक्शनच्या जनरल मॅनेजर, गावंडे मार्केटिंगचे. खुर्ची सारखी, केबिन सारखी, मग पगार मॅडमचाच कमी का? आमच्या मालकांकडे, म्हणजे मोठ्या साहेबांकडे, उत्तर दरवेळी तयार असतं.

*

गावंडेंना मुलगा झाला. साहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, “गावंडेले इन्क्रिमेंट लावा. जबाबदारी वाढली त्याची!”

पुढच्या वर्षी मॅडमना मुलगी झाली. साहेबांनी बर्फी खाल्ली.

“मॅडमचं इन्क्रिमेंट यंदा राहू द्या. जबाबदारी वाढली त्यांची!”

*

एका हंगामात गावंडेंनी बाजारात पाठवलेल्या बियाण्याच्या बॅगा दुकानदारांकडून ट्रक भरभरून परत आल्या. साहेब म्हणाले, “तो काय करन बिचारा? मार्केटच खराब होतं.”

त्याच हंगामात मॅडमच्या पिंपळगाव राजाच्या प्लॉटवर इतकं बियाणं निघालं की गोदाम पुरेना.

“हाव, यंदा पानी चांगला झाला.”

*

गावंडेंच्या मिसेस प्राध्यापक. साहेबांना भारी कौतुक. “घरी पाठबळ हाय, म्हणून मन लावून काम करते. असा माणूस टिकवा लागते!”

मॅडमचे मिस्टर बँकेत. “घरी पगार येऊन राह्यला ना? मंग मॅडमले कायची कमी?”

मला संताप आला. पण माझा पगारही तेच ठरवतात, म्हणून मी चहा प्यायलो.

*

महिला दिनाला साहेबांनी भाषण ठोकलं, “आपल्या कंपनीत स्त्री-पुरुष समान!” मॅडमना शाल दिली, नारळ दिला.

मॅडमनी माइक घेतला. “सर, हे कोणत्या महिन्यापासून लागू?”

“मॅडम, सणासुदीले पैशाचं काऊन काढता?”

*

यंदा जालन्याच्या एका कंपनीनं मॅडमना बोलावलं. राखीपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या, मी फाईल घेऊन मागे.

“सर, गावंडेंइतका पगार, नाहीतर हा राजीनामा.”

एका पत्र्याच्या शेडपासून त्यांनी प्रॉडक्शन उभं केलेलं. सोडून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि साहेबांना ते पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मनगटावरची राखी नीट केली.

“राजीनामा काऊन, मॅडम? तुम्ही काय परक्या आहा? माह्या लहान बहिणीसारख्या! बहीण कधी भावाची बरोबरी करते का?”

एरवी पुस्तकी मराठी बोलणाऱ्या मॅडम थेट आपल्या धामणगाव बढ्याच्या गावबोलीवर आल्या.

“साहेब, मागच्या महिन्यात तुमच्या बहिणीनं बापाच्या वावरातला हक्क सोडला ना, त्या कागदावर साक्षीदार म्हणून माहीच सही हाय. मले बहीण नका मानू, भाऊ माना!”