मामांच्या खोलीतले दोन अॅम्प्लिफायर

लातूरहून मामांचा फोन आला तेव्हा मी नांदेडला हॉस्टेलच्या जिन्यात उभा होतो. स्पीकर आलेत, अॅम्प्लिफायर तू निवडायचा, रविवारी ये, असं त्यांनी सांगितलं. मी हो म्हणालो.

मामा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीभर त्यांच्या कानात मुखेडच्या गाडीचं इंजिन. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी पहिलीच मोठी वस्तू घेतली, कमरेइतके उंच दोन स्पीकर. हैदराबादच्या दुकानदारानं सोबत दोन अॅम्प्लिफायर पाठवले होते. ऐकून एक ठेवायचा, दुसरा सोमवारी परत. भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे, तो ठरवील, असं मामांनी साऱ्या नात्यात सांगून टाकलं होतं. कॉलेजला गेलेला मी घरातला पहिलाच. तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो आणि असले स्पीकर जवळून पाहिलेसुद्धा नव्हते.

बसमध्ये पुस्तक काढलं. क्लास ए अॅम्प्लिफायर गाणं हळू असलं तरी वीज खात राहतो, फार तापतो, पण आवाज स्वच्छ देतो. क्लास डी फार वेगानं चालू-बंद होत काम भागवतो आणि थंड राहतो. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळायचे. मामांच्या कानाला कोणता बरा, हे पुस्तकात कुठंच नव्हतं.

मामांच्या घरी पोचल्यावर घाबरून मी तेच केलं जे आम्ही गावात करतो. सप्ताहाचे भोंगे बांधले की एकजण ओढ्यापलीकडं जाऊन उभा राहतो. तिथं शब्द कळला की हात वर करतो, मग सेट पास. मी हलका, थंड क्लास डी जोडला, आवाज वाढवला आणि थेट गल्लीच्या कोपऱ्यावर गेलो. शब्द न् शब्द कळत होता. मी हात वर केला.

दारात मामा आले होते. ते म्हणाले, "मला घरात बसून ऐकायचंय रे. तू गल्लीला कशाला ऐकवून राहिलास?"

मागं मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी मान खाली घालून आत आलो.

मग क्लास ए जोडला. दोघांना उचलावा लागला इतका जड. आवाज हळू ठेवून मामांच्या शेजारी बसलो. गाणारी बाई ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, तो ऐकू आला. मामांनी डोळे मिटले. मला मात्र गाणं ऐकूच येईना. आपण चुकलो तर हा माणूस रोज तीच चूक ऐकत बसणार, एवढंच डोक्यात.

दुपार चढली तशी खोली भट्टीसारखी झाली. मामींनी कूलर लावला आणि त्या घरघरीत तो श्वास गेला. मामा उठले, कूलर बंद केला, घाम पुसत पुन्हा बसले. मामी मला हळूच म्हणाल्या, "हे हट्टानं बसतील बघ असंच. डॉक्टरनं उन्हाचं जपा म्हणून सांगितलंय."

पुन्हा क्लास डी लावला. पंख्यावर भागलं. श्वास होता, पण जरा लांब गेल्यासारखा. की मलाच तसं वाटत होतं, कोण जाणे.

"बोल," मामा म्हणाले.

मी म्हणालो, "मामा, गरम होतो तो जास्त गोड हाय. पण तुम्ही हा थंडवाला ठेवा. त्याच्यापाशी तुम्हाला बसता येईल."

मामांनी जडवाल्याची वायर स्वतःच गुंडाळून खोक्यात ठेवली.

दिवाळीत गेलो तेव्हा ते अंगावर शाल घेऊन त्याच जागी बसले होते. मला बघून म्हणाले, "ते दुसरं ठिवलं असतं तर आता शेकायला झालं असतं." मामी हसल्या. मीही हसलो, आणि त्यांच्या शेजारी बसून पहिल्या ओळीआधीचा तो श्वास येतोय का, याकडे कान लावला.