ओठांवरचा सफेदा

पास्कलकाकांच्या खालच्या ओठावर कायम पांढरी रेघ असायची. बारीक काम करताना ते ब्रशचं टोक ओठांत धरून फिरवत, म्हणजे केस सुईसारखे जुळून येत. आई चिडवायची, "काय हो काका, आज कुणाच्या घरची साय चाटलीत?" ते म्हणत, "वहिनी, मांजराला साय न् पेंटरला सफेदा. सवय सुटायची नाय."

नाशिकच्या कडेला आमचा फुलांचा मळा होता आणि त्याला लागून काकांची पत्र्याची शेड. आठवडाभर ते लासलगावच्या ट्रकांवर व्यापाऱ्यांची नावं रंगवत. रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना आटोपून आले की शेडमध्ये क्रूसाची वाट रंगवायला बसत. येशूच्या शिक्षेपासून थडग्यापर्यंतची ही चौदा चित्रं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी लोक प्रत्येक चित्रापुढे थांबून प्रार्थना करतात. पण आमच्या भागातल्या लहान चर्चमध्ये भिंतीवर फक्त आकडे घातलेले चौदा लाकडी क्रूस होते. "आईला माझ्या आकडेसुद्धा वाचता येत नव्हते. जन्मभर आकड्यांपुढं रडली," काका सांगत. "येत्या उपवासकाळात लोक चेहऱ्यांपुढं उभे राहतील."

अठ्ठ्याहत्तर साली मी कॉलेजात गेले. आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच. सहाव्या चित्रात वेरोनिका आहे, क्रूस वाहणाऱ्या येशूचा घामेजलेला चेहरा पुसणारी. तिच्यासाठी काकांनी मला हातात पांढरं कापड देऊन उभं केलं.

मी चाचरत विचारलं, "काका, मी तुमच्यातली नाही. चालेल?"

"ती कुणातली होती, कुणी विचारलं? त्याचे हाल तिला दिसले न् ती गर्दीतून पुढं झाली. बास."

तशी उभी असताना मला बरंच काही दिसू लागलं. काकांच्या हातून चहाची कपबशी निसटायची. मधेच ते पोट धरून वाकायचे. हसले की हिरड्यांवर काळी-निळी कड दिसायची. आणि एके दिवशी रसायनशास्त्राच्या पुस्तकात तेच सगळं छापलेलं सापडलं: शिशाचा सफेदा, पोटातल्या कळा, हिरड्यांवरची रेघ, शेवटी मनगट लुळं पडणं. मी ते पान दोनदा वाचलं. तरी तीन रविवार मी कापड धरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. वडीलधाऱ्या माणसाला पुस्तकातलं शिकवायचं धाडस मला होईना.

चौथ्या रविवारी बोलले. "काका, तुमच्या सफेद्यात शिसं आहे, पुस्तकात त्याला विष म्हटलंय. जस्ताचा सफेदा वापरा ना. ट्यूबमध्ये मिळतो."

"तो लय लबाड. दोन वर्षांत तडकतो. येशूच्या अंगावर भेगा पाडू?"

"मग निदान ब्रश तोंडात तरी..."

"पुस्तकातलं विष परीक्षेत लिही, पोरी." ते हसले आणि त्यांनी ब्रश ओठांत धरला.

थंडी सरता सरता त्यांचा उजवा पंजा मनगटातून लोंबू लागला. डॉक्टरांनी रंगाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. आईने चिडवणं बंद केलं. तेरा चित्रं झाली होती. चौदाव्यात येशूला थडग्यात ठेवतात, आणि त्याच्या अंगावरची चादर तेवढी राहिली होती. सगळीच पांढरी.

"तू भर," काका स्टुलावर बसत म्हणाले.

मी भरत गेले. काठाच्या बारीक चुणीपाशी ब्रशचे केस विस्कटले. इतके महिने पाहत आले होते, म्हणून नकळत मी तो ओठांशी नेला.

"तोंडात नको!"

स्टूल आडवं झालं. लोंबत्या पंजाने काकांना ब्रश हिसकावता येईना. त्यांनी डाव्या हाताने वेरोनिकाचं कापड ओढलं आणि माझे ओठ पुसले. पुन्हा पुसले. ओठ चुरचुरेपर्यंत पुसत राहिले. त्यांना सगळं पटलेलं होतं, आणि आता उशीर झाला होता.

पुढच्या आठवड्यात त्यांना झटके आले आणि ते गेले. उपवासकाळाच्या पहिल्या शुक्रवारी चौदाही चित्रं भिंतीवर होती. अजून एकाही चित्राला भेग पडलेली नाही.

सहाव्या चित्रापुढे लोक गुडघे टेकतात. हातात कापड घेऊन पुढे झालेली ती मुलगी तीन रविवार गप्प उभी होती, हे त्यांना माहीत नसतं.