उजव्या दाराचा स्पीकर

माझ्या गाडीत म्युझिक सिस्टिम आली ती गाण्यांच्या आवडीपायी नाही, बाबांच्या अबोल्यापायी.

बाबांची जुनी गाडी होती तेव्हा तेच चालवायचे. मी शेजारी बसायचे आणि नाशिकहून मनमाडला आत्याकडे पोचेपर्यंत आम्हा दोघांचं तोंड बंद नसायचं. कांद्याच्या भावापासून आत्याच्या सुनेपर्यंत सगळ्यांची सालं काढून व्हायची. पुढे ती गाडी विकली, मी माझी घेतली आणि स्टीअरिंगवर मी बसले. तेव्हापासून बाबा शेजारच्या सीटवर काच खाली करून बाहेर बघत राहायचे. काही विचारलं तर "हं", बऱ्याचदा तेही नाही. घरी मात्र हाच माणूस जेवताना समोर बसून अख्ख्या बिल्डिंगच्या बातम्या सांगायचा! म्हणजे राग माझ्यावर नाही, माझ्या गाडी चालवण्यावर, असा मी अर्थ लावला. पोरीच्या हाती चावी गेली हे पचलं नाही म्हणायचं. मीही त्यांचीच लेक. काही दिवस बोलून पाहिलं, मग म्हटलं, नाही तर नाही. पण आतून लागायचं. लहानपणापासून मनातलं सगळं सांगायची माझी जागा म्हणजे ती गाडीच होती.

तर ती शांतता सोसवेना म्हणून सिस्टिम. माझं मॉडेल सगळ्यात साधं, टेपच्या जागी नुसतं प्लास्टिकचं झाकण. दुकानदार म्हणाला, इथंच बसवून देतो. तेवढ्यात बाबा म्हणाले, "बसवायला काय लागतंय? घरी बसवू." अंबडच्या कारखान्यात सारा जन्म मेंटेनन्समध्ये गेलेला माणूस. आमच्या घरात बाहेरच्या माणसाचा पाना चालतच नाही. मिक्सर असो की गीझर, आधी बाबा उघडणार, मग पुढचं देवाच्या हाती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मांडामांड झाली. गाडीत सिस्टिम दोघांनीही कधी बसवली नव्हती, पण तसं कबूल कोण करणार? दाराचं आवरण खेचताना क्लिप टकटक तुटल्या की बाबा म्हणायचे, "त्या जास्तीच्याच देतात." दोन्ही दारांत स्पीकर बसले, डॅशबोर्डमागची वायरिंग झाली. आई खाली येऊन नव्या सिस्टिमला हळदकुंकू लावून गेली. अभंग लावला. मृदंग असा घुमला की मी गाडीबाहेर उभी राहून टाळ्या वाजवल्या.

बाबा डावीकडच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "उजवा नाय वाजत."

"वाजतोय की!"

"नाय वाजत. असा माल मी गेटबाहेर सोडला नसता."

निवृत्तीआधीची काही वर्षं कारखान्यात मालाची शेवटची तपासणीही त्यांचीच असायची. ते ओके म्हणेपर्यंत काम संपत नाही, हा आमच्या घरचाही कायदा. उजवं दार पुन्हा उघडलं. जोड सोडले, वायर सोलली, नवी टेप गुंडाळली. पुन्हा तेच. माझा पारा चढायला लागला. शेवटी मी डाव्या स्पीकरचा आवाज पूर्ण बंद केला आणि फक्त उजवा सुरू ठेवला. उजव्या दारावर हात ठेवला तर पत्रा थरथरत होता.

"आता?" मी ओरडून विचारलं.

"बारीक येतोय. कुठंतरी लूज आहे," असं म्हणत बाबा मागच्या सीटवरची टेप घ्यायला पूर्ण मागे वळले. आणि तसेच थांबले. "हां! आता लागला बघ! काय केलंस?"

मी काहीच केलं नव्हतं.

टेप घेऊन ते पुढे वळले. "गेला परत."

मागे वळले तेव्हा त्यांचा डावा कान उजव्या दाराकडे आला होता. मी गुपचूप ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, अभंग बंद केला आणि रोजच्या आवाजात विचारलं, "बाबा, चहा घ्यायचा का?"

झोपेतून उठवलं तरी चहाला नाही न म्हणणारे बाबा मान खाली घालून टेपचं टोक शोधत राहिले.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डाव्या कानात बोट घालायला सांगितलं आणि पुन्हा तेच विचारलं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग बोट काढून उजव्या कानाला हात लावत हळूच म्हणाले, "प्रेस मशीन ह्याच बाजूला धडधडायचं माझ्या."

पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं: उजवा कान हळूहळू गेलाय, डावा चांगला आहे. म्हणजे माझ्या शेजारी बसून त्यांचा चांगला कान इतके दिवस उघड्या खिडकीकडे होता आणि मी बोलत होते गेलेल्या कानाशी. मला रडू आलं, पण खरं सांगते, त्याहून जास्त हायसं वाटलं. रुसवा नव्हताच! सिस्टिम घेतली नसती तर हा गैरसमज मी जन्मभर उराशी धरून बसले असते. त्या स्पीकरचे, आणि त्याला पास न करणाऱ्या बाबांच्या हट्टाचे, माझ्यावर फार उपकार आहेत.

पुढच्या खेपेला मनमाडला निघताना मी चावी त्यांच्या हातात दिली आणि त्यांच्या डावीकडे जाऊन बसले. गाणी लावलीच नाहीत. ऑफिसातलं, घरातलं, साठलेलं सगळं सांगत सुटले. बाबा हसत होते, मध्येच तोडत होते, माझ्या साहेबाला शिव्या घालत होते. चांदवडच्या अलीकडे त्यांनी गिअर बदलला. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "बरं झालं बाई, बोलायला लागलीस. मला वाटायचं, स्वतःची गाडी झाली, आता हिला बापाशी बोलायला काही उरलं नाही."