सावकाशकाकांची पहिली बिअर

दुबईत खाडीच्या धक्क्यावर अब्रा भरत आली की आम्ही सगळे धावत सुटायचो. लाकडी होडीच ती, एक गेली की लगेच दुसरी लागायची, तरी हीच गाठायची असं प्रत्येकाला वाटे. सावकाशकाका मात्र मागे उभे राहायचे. होडीवाला "यल्ला, यल्ला" करत घाई करायचा, मी आतून हात करायचो आणि ते शांतपणे म्हणायचे, "तू हो पुढे. मी येतो सावकाश." त्यावरून पडलेलं हे नाव. खरं आडनाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं.

खाडीपलीकडे देऱ्यातल्या एका बांधकाम कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. चौऱ्याण्णव साली मी तिथे ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात एक ड्रॉइंग तासाभरात हवं म्हणून त्यांच्या डोक्यावर उभा राहिलो. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, घाईत ओढलेली रेघ खोडायला दुप्पट वेळ लागतो. चहा घेऊन या." मी चहा घेऊन आलो तेव्हा ड्रॉइंग तयार होतं.

बर दुबईत आम्ही एकाच इमारतीत राहत होतो, ते माझ्या वरच्या मजल्यावर. माझं लग्न व्हायचं होतं, म्हणून सुट्टीच्या शुक्रवारचं जेवण त्यांच्याकडे ठरलेलं. काकांचा हा सावकाश स्वभाव जन्मजात असावा असं मला वाटायचं. एकदा तसं बोललो, तर पोळी वाढताना काकू म्हणाल्या, "कसला जन्मजात? अकरा वर्षं सहाजणांच्या खोलीत काढली यांनी. फॅमिली व्हिसापुरता पगार होईपर्यंत. दर वर्षी पत्रात लिहायचे, पुढच्या वर्षी नक्की." काका आमटी भुरकत राहिले.

एके दिवशी ऑफिसातला एक इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला आणि जाताना काकांना एक प्लॅस्टिकचा पिंप, माल्टचा डबा आणि बिअर कशी करायची याचा हाताने लिहिलेला कागद देऊन गेला. काका पिणारे नव्हते. वर्षातून दोनदा अर्धा ग्लास. पण कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'यापुढे फक्त वाट पाहा', आणि ते वाक्य त्यांना फार आवडलं. हे कायद्यात बसतं का, असं काकूंनी दोनदा विचारलं. "कुणाला सांगू नकोस," असं म्हणून काकांनी ऑफिसातल्या आम्हा चौघांना सांगून टाकलं.

पिंप बेडरूमच्या कपाटात ठेवला. त्याला गारवा हवा म्हणून एसी चोवीस तास चालू. बाहेर जून महिना तापलेला आणि काकू आत स्वेटर घालून झोपत. आम्ही रोज विचारायचो, "काका, कुठवर आली?" काका म्हणायचे, "होऊ द्या. ती काय आपल्या सांगण्यावर होते?" मग बाटल्या भरल्या. आणखी तीन आठवडे थांबायचं होतं. आम्ही चौघे त्या तारखेकडे परीक्षेच्या निकालासारखे डोळे लावून बसलो.

ठरलेल्या शुक्रवारी दुपारी आम्ही जमलो. काकूंनी कोलंबी तळली होती. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिलं बूच निघालं. फस्स नाही, फेस नाही. ग्लासात डाळीच्या वरच्या पाण्यासारखं काहीतरी गढूळ उतरलं. मी घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. आंबट, अगदी आंबटढाण. काकांनी दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. आठव्या बाटलीला त्यांचा हात थांबला. चेहरा असा पडला होता की मला त्या ग्लासकडे बघवेना.

"कुठे चुकलं कळत नाही," ते म्हणाले. "कागदाबाहेर एक गोष्ट केली नाही."

काकू दारात उभ्या होत्या. "सांगू का? रोज सकाळी दात घासायच्या आधी कपाट उघडून झाकण काढून बघत होते. संध्याकाळी आल्यावर पुन्हा. एकदा तर चमच्याने ढवळलंसुद्धा. इडलीचं पीठसुद्धा इतकं उघडून बघितलं तर रुसतं."

आम्ही काकांकडे पाहिलं. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्याच्या हातातल्या गोष्टींची वाट पाहिली रे. व्हिसा, इन्क्रिमेंट, सुट्टी. तिथे थांबण्यावाचून इलाजच नसतो. ही पहिली गोष्ट माझ्या हातात होती. मग राहवेना." आणि ते हसू लागले. आधी खांदे हलले, मग सगळे काका. काकू हसल्या, आम्हीही हसलो. कोलंबी लिंबूपाण्याबरोबर संपवली. दुपारभर कोणी ना कोणी "चमच्याने ढवळलं" म्हणायचं आणि पुन्हा सगळे हसत सुटायचे.

पुढे त्यांनी दुसरा घाणा घातला तेव्हा कपाटाला कुलूप लावून किल्ली माझ्याकडे दिली. "मी मागितली तरी देऊ नकोस," म्हणाले. चौथ्या दिवशी ते खाली आले, साखर मागायला. सहाव्या दिवशी पेपर मागायला. किल्ली मागितली नाही, पण ती टांगलेल्या खिळ्याकडे बघत माझ्याकडे अर्धा अर्धा तास बसले. ती बिअर बरी झाली. फार चांगली नव्हे, बरी. काकांनी अर्धा ग्लास घेतला, जिभेवर घोळवला आणि म्हणाले, "पहिलीची मजा वेगळी होती."

दोन हजार दोनमध्ये ऑफिसात सगळं काम कॉम्प्युटरवर गेलं आणि काका मिरजेला परत गेले. महिन्याभराने त्यांच्या फ्लॅटमध्ये नागपूरचं एक नवं जोडपं आलं. ओळख करून घ्यायला मी वर गेलो. खोकी अजून बांधलेलीच होती. "आधी कोण राहायचं इथे?" त्यातल्या मुलीने सहज विचारलं. दोन वाक्यांत सांगून निघावं असा विचार केला आणि एका खोक्यावर टेकलो. बाहेर मगरीबची बांग झाली, दिवे लागले, तिचा नवरा दुसऱ्या खोक्यावर येऊन बसला. गोष्टीत मी अजून अब्रापर्यंतच पोहोचलो होतो. शेवटी ती कुकरचं खोकं शोधत म्हणाली, "दादा, आता जेवूनच जा. पण थांबू नका, बोलत राहा."